जाळ्यातून निसटलेला समुद्र: सागरी जीवशास्त्राची गोष्ट

पृथ्वीचा सुमारे ७१ टक्के पृष्ठभाग समुद्राने व्यापलेला आहे आणि या समुद्राची सरासरी खोली साधारण ३,७०० मीटर भरते. सूर्यप्रकाश मात्र पहिल्या २०० मीटरांतच इतका मंदावतो की त्याखाली वनस्पतींना अन्न तयार करता येत नाही. हजार मीटरच्या खाली तर मिट्ट काळोख. म्हणजे समुद्राचा बहुतेक भाग असा, की तिथे डोळे निरुपयोगी. जंगलातला प्राणी पाहायचा तर माणूस दबा धरून बसू शकतो. समुद्रातला प्राणी पाहायचा तर काहीतरी खाली सोडावं लागतं, वर ओढावं लागतं आणि हाती लागेल त्यावरून खालच्या जगाचा अंदाज बांधावा लागतो.

सागरी जीवशास्त्राचा इतिहास बहुतेक वेळा मोठमोठ्या मोहिमांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो वाचताना मला दुसरीच गोष्ट ठळकपणे दिसते. जे जाळ्यात आलं नाही ते समुद्रात नाहीच, असं या शास्त्राने पुन्हा पुन्हा धरलं, आणि जाळ्याची वीण बदलली तेव्हा पुन्हा पुन्हा त्याला नवा समुद्र सापडला. हे सूत्र हातात ठेवलं की एवढा मोठा पसारा समजायला सोपा जातो.

किनाऱ्यावरची सुरुवात

इ.स.पू. ३४४ च्या सुमारास ॲरिस्टॉटल एजियन समुद्रातल्या लेस्बॉस बेटावर राहायला गेला. बेटाच्या पोटात शिरलेल्या एका उथळ, शांत आखातात त्याने आपलं बरंचसं निरीक्षण केलं. कोळ्यांना प्रश्न विचारायचे, त्यांच्या जाळ्यात आलेले प्राणी चिरून पाहायचे आणि जे दिसेल ते नोंदवायचं, ही त्याची पद्धत. डॉल्फिन हवेत श्वास घेतो आणि पिल्लांना दूध पाजतो, म्हणून तो इतर माशांत बसत नाही, हे त्याने स्वच्छ लिहून ठेवलं. देवमासे आणि डॉल्फिन यांची सस्तन प्राण्यांत अधिकृत नोंद व्हायला मात्र १७५८ साल उजाडलं, तेही लिनियसच्या वर्गीकरणात. एका जातीच्या मुशीची पिल्लं आईच्या पोटात वारेसारख्या अवयवाने जोडलेली असतात, असंही ॲरिस्टॉटलने लिहिलं होतं. माशाला वार? शतकानुशतकं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १८४२ मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहानेस म्यूलर यांनी तीच मुशी चिरून पाहिली आणि ॲरिस्टॉटलचं म्हणणं बरोबर निघालं.

पण याच ॲरिस्टॉटलने असंही लिहिलं, की ईल मासा, म्हणजे वाम, चिखलातून आपोआप जन्माला येतो. कारण साधं होतं. कितीही वाम चिरल्या तरी त्याला कुणाच्याही पोटात अंडी सापडली नाहीत. सापडली नाहीत म्हणजे नसतातच, असा त्याने अर्थ लावला. प्रत्यक्षात युरोपातल्या नद्यांतली वाम विणीसाठी हजारो किलोमीटर पोहत अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राकडे जाते, आणि तिची अंडी पिकतात ती या प्रवासात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डेन्मार्कचे योहानेस श्मिट जवळजवळ दोन दशकं अटलांटिकमध्ये बारीक जाळी ओढत राहिले. वामेचं कुठलं पिल्लू कुठे सापडतं आणि केवढं असतं हे नकाशावर मांडत, लहानाहून लहान पिल्लांचा माग काढत ते सारगासोपर्यंत पोहोचले. तरीही समुद्रात पडलेलं युरोपीय वामेचं अंडं आजवर कुणाच्या हाती लागलेलं नाही.

ॲरिस्टॉटलनंतर जवळपास दोन हजार वर्षं या शास्त्राची गती मंदच राहिली. सोळाव्या शतकात पिएर बलाँ आणि गीयोम राँदले या फ्रेंच अभ्यासकांनी माशांचे सचित्र ग्रंथ केले, ही त्यातली मोठी पायरी. पण अभ्यास किनाऱ्यावरचाच होता आणि प्राणी बहुतेक मेलेलेच.

मेलेला प्राणी किती फसवू शकतो याचं उदाहरण म्हणजे प्रवाळ. पाण्याबाहेर काढलं की प्रवाळातले जीव आक्रसून कठीण सांगाड्यात दडतात. पाण्यात ठेवलं की पांढऱ्या फुलांसारखे उमलतात. त्यामुळे प्रवाळ ही वनस्पतीच, असा विद्वानांचा समज होता. १७२० च्या दशकात फ्रेंच वैद्य पेसोनेल यांनी ती ‘फुलं’ पाण्यात ठेवून हालचाली पाहिल्या आणि हे प्राणी आहेत असं कळवलं. पॅरिसच्या अकादमीतल्या रेओम्यूर यांना ते इतकं अविश्वसनीय वाटलं, की हे मत सांगताना त्यांनी पेसोनेल यांचं नावही घेतलं नाही. त्यांची शोभा होऊ नये म्हणून!

जिवंत प्राणी, काचेच्या भांड्यात

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात दोन माणसांनी केलेलं काम मला फार मोलाचं वाटतं. दोघांकडेही मोठं जहाज नव्हतं की मोठ्या संस्थेचा आधार.

पहिले जॉन व्हॉन थॉम्पसन, आयर्लंडमधल्या कॉर्क इथे नेमणूक असलेले लष्करी डॉक्टर. बारीक कापडाचं जाळं होडीमागे सोडून ते समुद्राच्या वरच्या थरातले सूक्ष्म जीव गोळा करत. १८२६ च्या वसंतात त्यांना काही पारदर्शक, इवले, पोहणारे प्राणी मिळाले. दोन झडपांचं कवच, पोहण्यासाठी पाय, चक्क डोळेसुद्धा. थॉम्पसन यांनी ते समुद्राच्या पाण्यासह काचेच्या भांड्यात ठेवले. काही दिवसांनी त्यांतले दोन भांड्याच्या तळाला चिकटले, कात टाकली आणि त्यांचे बार्नॅकल झाले. खडकांना आणि जहाजांच्या बुडाला घट्ट चिकटून बसणारे, चुन्याच्या तकटांचे तेच बार्नॅकल. तोवर त्यांची गणना शिंपल्या-गोगलगायींच्या गटात होत असे, कारण बाहेरून ते तसेच दिसतात. त्यांचं पोहतं बालपण पाहिल्यावर स्पष्ट झालं, की ते खेकडे आणि कोळंबीचे भाऊबंद आहेत. खेकड्याच्या बाबतीतही थॉम्पसन यांनी असंच दाखवून दिलं होतं: काटेरी डोक्याचा, वेगळीच जात म्हणून नोंदला गेलेला एक प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर वाहणारा, जीव म्हणजे खेकड्याचं पिल्लू आहे. किनाऱ्यावरच्या कितीतरी प्राण्यांचं बालपण खुल्या समुद्रात, पूर्णपणे निराळ्या रूपात जातं, ही समज इथून पक्की होत गेली. पुढे डार्विनने बार्नॅकलवर १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षं घालवली.

दुसऱ्या झान व्हिलप्रू-पॉवर. फ्रान्सच्या एका खेड्यातल्या मोच्याची मुलगी, पॅरिसमध्ये शिवणकाम करणारी, लग्नानंतर सिसिलीतल्या मेस्सिना इथे स्थायिक झालेली. तिथल्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा ऑक्टोपसचा एक प्रकार सापडतो. त्याची मादी कागदासारख्या पातळ, सुंदर शिंपल्यात राहते. हा शिंपला ती स्वतः बनवते, की शंखातल्या खेकड्यासारखी दुसऱ्याचं घर बळकावते, यावर पंडितांचा जुना वाद होता. मेलेले नमुने पाहून तो सुटण्यासारखा नव्हता, कारण आर्गोनॉटचं शरीर शिंपल्याला चिकटलेलंच नसतं. १८३० च्या दशकात व्हिलप्रू-पॉवर यांनी काचेच्या टाक्या बनवून घेतल्या, समुद्रात पिंजरे सोडले आणि त्यांत आर्गोनॉट पाळले. शिंपल्याचा तुकडा तोडायचा आणि वाट पाहायची. मादीने आपल्या दोन रुंद, पडद्यासारख्या हातांनी ती जागा पुसल्यासारखी केली आणि तिथे नवा पापुद्रा तयार झाला. पिल्लं मुळात बिनशिंपल्याची जन्मतात आणि शिंपला नंतर धरतो, हेही त्यांनी पाहिलं. वाद मिटला. आज प्रत्येक मत्स्यालयात दिसणारी काचेची टाकी ही संशोधनाची साधनसामग्री म्हणून ज्यांनी आधी वापरली, त्यांत या बाईंचं नाव पहिलं घ्यावं लागतं. ते अजूनही पुरेसं घेतलं जात नाही.

खोल पाण्यात जीवन नाही?

आता या इतिहासातली सर्वांत प्रसिद्ध चूक. एडवर्ड फोर्ब्स हे ब्रिटिश निसर्गतज्ज्ञ १८४१ मध्ये ‘बीकन’ या जहाजावरून एजियन समुद्रात गेले. त्यांचं साधन होतं ड्रेज, म्हणजे लोखंडी चौकटीला बांधलेली पिशवी. ती दोराने खाली सोडून तळावरून फरफटत नेतात. फोर्ब्स यांनी वेगवेगळ्या खोलीवर ड्रेज ओढला आणि कुठे किती प्राणी मिळतात याचे पट्टे आखले. जसजसं खोल जावं तसतशी प्राण्यांची संख्या आणि जाती कमी होत गेल्या. त्यांचा सर्वांत खोल नमुना सुमारे २३० वाव खोलीवरचा. उतरता आलेख त्यांनी तसाच पुढे ओढला आणि ३०० वाव, म्हणजे साधारण ५५० मीटर, या खोलीपाशी जीवन संपत असावं असा निष्कर्ष १८४३ मध्ये मांडला.

फोर्ब्स हे निष्काळजी शास्त्रज्ञ नव्हते. समुद्राचा पद्धतशीर, खोलीनुसार अभ्यास करणाऱ्यांत ते अग्रणी होते. पण दोन गोष्टी त्यांच्या विरोधात गेल्या. त्यांच्या ड्रेजचं तोंड लहान आणि पिशवीची छिद्रं अशी, की ती चिखलाने लगेच तुंबायची आणि मग पुढचं काही आत शिरायचंच नाही. दुसरं म्हणजे एजियन ज्याचा भाग आहे त्या पूर्व भूमध्य समुद्राचा खोल तळ खरोखरच इतर समुद्रांच्या मानाने उजाड आहे. एका गरीब समुद्रात, तुंबणाऱ्या पिशवीने काढलेला निष्कर्ष साऱ्या जगाच्या समुद्राला लागू झाला. तो लोकांना पटलाही लगेच. एवढा दाब, अंधार आणि थंडी यांत कोण जगणार, असा विचार मनाला सहज पटणारा होता.

विरोधी पुरावे आधीपासून पडून होते. १८१८ मध्ये जॉन रॉस यांनी बॅफिनच्या उपसागरात खोली मोजायला दोर सोडला, तेव्हा एक किलोमीटरहून अधिक खोलीवरून त्याला गुंतून एक फांद्याफांद्यांचा समुद्रतारा वर आला होता. नॉर्वेत पाद्री असलेले मिकाएल सार्स आणि त्यांचा मुलगा ३०० वावांहून खोल पाण्यातले प्राणी एकामागून एक नोंदवत होते. पण दोराला चिकटलेल्या प्राण्याबद्दल शंका घेता येते: तो वर येताना मधल्याच पाण्यात कशावरून अडकला नसेल?

ही पळवाट बुजवली तारेने. सार्डिनिया आणि अल्जिरिया यांच्यामध्ये समुद्रतळावर टाकलेली टेलिग्राफची केबल नादुरुस्त झाली म्हणून १८६० मध्ये वर ओढली गेली. सुमारे दोन हजार मीटर खोलीवर पडून असलेल्या भागावर प्रवाळ वाढलेले होते. नुसते अडकलेले नव्हेत, केबलच्या पृष्ठभागाचा आकार धरून वाढलेले. म्हणजे ते तिथेच बसले, तिथेच जगले.

चॅलेंजर

यानंतर ब्रिटनमध्ये वायव्हिल थॉमसन यांनी खोल समुद्राचा ध्यासच घेतला. १८६९ मध्ये ‘पॉर्क्युपाइन’ जहाजावरून त्यांनी ४,४०० मीटरहून खोल ड्रेज सोडला आणि जिवंत प्राणी वर काढले. त्यातून उभी राहिली ‘चॅलेंजर’ मोहीम. नौदलाचं जहाज, त्यावरच्या बहुतेक तोफा काढून त्या जागी प्रयोगशाळा, दोरखंडांचे ढीग आणि हजारो बाटल्या. २१ डिसेंबर १८७२ रोजी ते पोर्ट्समथहून निघालं आणि मे १८७६ मध्ये परतलं. ६८,८९० सागरी मैल, ३६२ ठिकाणी थांबून घेतलेले नमुने, शास्त्राला नवीन अशा सुमारे ४,७०० जाती. मॅरियाना बेटांजवळ मोजलेली ८,१८४ मीटर खोली. अहवाल १८८० ते १८९५ या काळात ५० खंडांत निघाला. थॉमसन १८८२ मध्ये वारले. उरलेलं काम जॉन मरे यांनी तडीस नेलं.

आकड्यांमागचे कष्टही लक्षात घेतले पाहिजेत. चार-पाच किलोमीटर तागाचा दोर सोडायचा, तळाला टेकल्याचा अंदाज घ्यायचा, फरफटत न्यायचं आणि वाफेच्या यंत्राने परत गुंडाळायचा. एका खेपेत दिवस जायचा. एवढं करून पिशवीत कधी नुसताच गाळ. घनदाट ढगांच्या वरून, रात्रीच्या अंधारात, विमानाला दोराने पिशवी बांधून खालच्या जंगलावरून ओढत न्यावी आणि तिच्यात सापडलेल्या चार फांद्या व दोन बेडकांवरून जंगलाचं वर्णन करावं, असं हे काम. पळणारा प्राणी त्यात सापडत नाही, नाजूक प्राणी टिकत नाही आणि बारीक प्राणी गळून जातो.

याच मोहिमेत उलट्या बाजूची एक चूकही उघडी पडली. १८६८ मध्ये थॉमस हक्सली यांनी अटलांटिकच्या तळातला, अकरा वर्षं स्पिरिटमध्ये ठेवलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात चिकट, जेलीसारखा पदार्थ दिसला. समुद्रतळावर पसरलेलं हे आदिम जीवद्रव्य असावं असं मानून त्यांनी त्याला बॅथिबियस हे नाव दिलं. सजीव आणि निर्जीव यांच्यामधला दुवाच सापडला, असा उत्साह पसरला. चॅलेंजरवर मात्र ताज्या गाळात हा पदार्थ काही केल्या दिसेना. तो दिसायचा फक्त स्पिरिट घातलेल्या नमुन्यांत. जहाजावरचे रसायनतज्ज्ञ बुकॅनन यांनी तपासून पाहिलं, तर समुद्राच्या पाण्यात अल्कोहोल मिसळल्यावर खाली बसणारा तो कॅल्शियम सल्फेटचा साका होता. थॉमसन यांचं पत्र मिळताच हक्सली यांनी १८७५ मध्ये जाहीरपणे चूक मान्य केली. न आलेलं ‘नाही’ धरणं जसं चुकीचं, तसं साधनाने आणलेलं सगळं समुद्रातलंच आहे असं धरणंही.

मोहिमांच्या जोडीने त्याच काळात किनाऱ्यावर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. आंटोन डोर्न यांनी नेपल्सला १८७० च्या दशकात संस्था काढली आणि खर्च भागवण्यासाठी नामी युक्ती केली: विद्यापीठांनी आणि सरकारांनी वर्षाच्या भाड्याने एकेक टेबल घ्यायचं, तिथे आपला संशोधक पाठवायचा. पुढे १८८८ मध्ये इंग्लंडमध्ये प्लिमथला आणि अमेरिकेत वूड्स होलला अशाच प्रयोगशाळा सुरू झाल्या. मज्जातंतूतून संदेश कसा जातो हे प्लिमथला आणि अन्यत्र माकुलाच्या जाडजूड मज्जातंतूवर कळलं, पेशींच्या विभाजनाचं चक्र चालवणारी प्रथिनं वूड्स होलला सी-अर्चिनच्या अंड्यांत सापडली. दोन्ही कामांना नोबेल मिळालं. पण तो वेगळ्याच लेखाचा विषय आहे.

रेशमी जाळं आणि शेंबडाचं घर

जर्मनीतल्या कील इथल्या व्हिक्टर हेन्सन यांना वेगळा प्रश्न पडला होता. समुद्रात कोण कोण आहे हे पुरेसं नाही; किती आहे? शेतात पीक किती हे जसं सांगता येतं, तसं समुद्राचं उत्पादन सांगता आलं पाहिजे. पाण्याबरोबर वाहणाऱ्या साऱ्या जीवांना त्यांनी १८८७ मध्ये ‘प्लँक्टन’ असं एकत्र नाव दिलं. मराठीत आपण त्यांना प्लवक म्हणतो. १८८९ मध्ये ते अटलांटिकमध्ये खास प्लवक मोजायला गेले. पिठाच्या गिरणीत चाळणीसाठी वापरायचं बारीक रेशमी कापड त्यांनी जाळ्याला लावलं. छिद्रं मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी. यातून काही निसटत असेल असं फारसं कुणाला वाटलं नाही.

निसटत होतं, आणि ते पकडलं हेन्सन यांच्याच परंपरेतल्या हान्स लोमान यांनी. लोमान ज्या प्राण्यांचा अभ्यास करत होते ते लार्व्हेशियन जेमतेम काही मिलिमीटरचे. हा प्राणी आपल्या अंगातून चिकट स्राव सोडतो आणि त्याचा फुगा करून त्यात राहतो. शेपटी हलवली की फुग्यातून पाणी वाहतं. आत स्रावाचेच दोन गाळणीचे पडदे असतात, इतके तलम की त्यांची जाळी साध्या डोळ्यांना दिसतही नाही. पडदे तुंबले की प्राणी ते सगळं घर टाकून देतो आणि थोड्या वेळात नवं फुगवतो, दिवसातून अनेकदा. लोमान यांनी हे पडदे सूक्ष्मदर्शकाखाली धरले, तर त्यांत असंख्य इवल्या जीवांची दाटी होती, आणि त्यांतले बरेच रेशमी जाळ्याच्या नमुन्यात नसायचेच. ज्याच्याकडे अधिक चांगलं जाळं होतं तो प्राणी शास्त्रज्ञाच्या टेबलावरच होता! लोमान यांनी मग पाणी वेगाने फिरवून हे जीव तळाशी बसवले, मोजले आणि १९११ च्या सुमारास या बारीक प्लवकांचा स्वतंत्र गट ठरवला. समुद्रातल्या वनस्पती-प्लवकांचा मोठा हिस्सा जाळ्यातून गळून जात होता, हे तेव्हा कळलं.

हिंदी महासागराच्या बाबतीत तर साधं जाळंही उशिरा पोहोचलं. चॅलेंजर या महासागराच्या उत्तर भागात शिरलंच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजावरून आल्फ्रेड अल्कॉक यांनी अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरातले खोल पाण्यातले प्राणी गोळा केले. मोठी मोहीम निघाली ती १९५९ ते १९६५ ची आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम. तिच्यात प्लवकांसाठी एकच प्रमाणित जाळं ठरवलं गेलं: तोंड एक चौरस मीटर, छिद्र ०.३३ मिलिमीटर, २०० मीटर खोलीवरून सरळ वर ओढायचं. वेगवेगळ्या देशांच्या जहाजांचे नमुने एकमेकांशी ताडून पाहता यावेत, हा हेतू. ते नमुने निवडायचं काम कोचीच्या केंद्रात झालं. जाळं सगळीकडे सारखं, म्हणजे निसटणारेही सगळीकडे सारखेच, आणि हे आधीच माहीत. विज्ञानाच्या दृष्टीने ही प्रगती मला मोठी वाटते.

वर-खाली होणारा तळ

दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी ध्वनिलहरींचा अभ्यास जोरात चालू होता. १९४२ मध्ये कॅलिफोर्नियाजवळ पाण्यात ध्वनी सोडला की काही शे मीटर खोलीवरून पसरट प्रतिध्वनी यायचा. जणू तिथे तळ आहे. पण खरा तळ त्याच्या कितीतरी खाली होता. १९४५ मध्ये स्क्रिप्स संस्थेचे मार्टिन जॉन्सन यांनी दिवसरात्र त्या प्रतिध्वनीवर पाळत ठेवली. संध्याकाळ झाली की हा थर वर सरकायचा, पहाटे पुन्हा खाली जायचा. पाण्याचं तापमान किंवा खारटपणा असा रोज दिवे लागणीला वर येत नाही. तो थर जिवंत प्राण्यांचा होता: कोळंबीसारखे जीव, अंगावर दिवे असलेले छोटे मासे, माकुलं. दिवसा शिकाऱ्यांच्या नजरेआड अंधारात राहायचं आणि रात्री खाण्यासाठी वर यायचं. वजनाच्या हिशेबाने पृथ्वीवरचं हे सर्वांत मोठं रोजचं स्थलांतर. जाळी ओढणाऱ्यांना रात्री वरच्या पाण्यात जास्त प्राणी मिळतात हे ठाऊक होतं, पण त्याची व्याप्ती कळली ती कानाने.

तळाच्या गाळाबाबत असाच धक्का १९६० च्या दशकात बसला. खोल तळावर जीवन आहे पण तुरळक आणि मोजक्या जातींचं, असं चॅलेंजरनंतर मानलं जाई. हॉवर्ड सँडर्स आणि रॉबर्ट हेसलर यांनी गाळाचा वरचाच थर अलगद उचलणारी घसरगाडी बनवली, गाळही बारीक चाळणीतून काढला. हाती आले किडे, कवचधारी, शिंपले, आणि जातींचं वैविध्य उष्ण कटिबंधातल्या उथळ समुद्राशी तुलना करावी असं. प्राणी लहान होते, एवढंच. जुन्या जाळ्यांना ते लागतच नव्हते.

मग १९७७. गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोलीवर भूगर्भतज्ज्ञ गरम पाण्याचे झरे शोधायला गेले. खाली उजाड लाव्हा असणार या अपेक्षेने चमूत एकही जीवशास्त्रज्ञ घेतलेला नव्हता. ‘ॲल्विन’ ही छोटी पाणबुडी उतरली तर झऱ्याभोवती मोठाले शिंपले, खेकडे आणि पांढऱ्या नळ्यांतून डोकावणारे लाल तुऱ्यांचे किडे. वर आणलेल्या पाण्याला सडक्या अंड्यांचा वास होता, म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. नमुने टिकवायला पुरेसं रसायन जहाजावर नव्हतं, म्हणून काही नमुने व्होडकात घालावे लागले.

या नळीकिड्यांना तोंड नाही आणि आतडंही नाही. दोन मीटरपर्यंत वाढणारा प्राणी खातो काय? उत्तर सुचलं हार्वर्डमधल्या विद्यार्थिनी कॉलीन कॅव्हनॉ यांना. किड्याच्या शरीरात गंधकाचे कण सापडतात असं एका व्याख्यानात ऐकल्यावर त्यांनी मांडलं, की त्याच्या आत जिवाणू असले पाहिजेत आणि ते सल्फाइडपासून ऊर्जा मिळवून किड्याला पोसत असले पाहिजेत. १९८१ मध्ये पुरावा प्रसिद्ध झाला. सूर्यप्रकाशाऐवजी रसायनांवर अन्न तयार करून एवढी गजबज पोसली जाऊ शकते, हे माणसाला तोवर माहीत नव्हतं.

थेंबातली गर्दी

सर्वांत उशिरा सापडलं ते सर्वांत जास्त असलेलं. १९७० च्या दशकात चमकणारे रंग आणि अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण्या वापरून समुद्राच्या पाण्यातले जिवाणू नीट मोजले गेले, तेव्हा एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा लाख भरले. प्रयोगशाळेत पोषक थर देऊन वाढवण्याच्या जुन्या पद्धतीत यांतला नगण्य भागच दिसत असे, कारण बाकीचे तिथे वाढतच नाहीत. १९८९ मध्ये विषाणू मोजले गेले. ते मिलिलिटरला एक कोटीच्या घरात.

त्याआधीच, १९८० च्या दशकाच्या मध्यात, सॅली चिझम आणि रॉबर्ट ऑल्सन यांनी एकेक पेशी लेझरपुढून सोडणारं यंत्र जहाजावर नेलं होतं. पडद्याच्या कडेला अंधुक लाल ठिपक्यांचा धुरळा दिसायचा. यंत्राचा गोंगाट वाटावा असा. पण तो खोलीनुसार बदलत होता, आणि गोंगाट तसा बदलत नाही. तो होता प्रोक्लोरोकॉकस: मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही लहान, प्रकाशावर अन्न तयार करणारा जिवाणू. एका मिलिलिटरमध्ये लाखभर पेशी. प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या जीवांत संख्येने पृथ्वीवर सर्वांत अधिक असलेला हा जीव १९८८ मध्ये शास्त्राच्या नोंदीत आला. तोवर माणूस चंद्रावर जाऊन येऊन एकोणीस वर्षं झाली होती.

आज समुद्रातल्या सुमारे दोन लाख चाळीस हजार जातींना नावं मिळालेली आहेत. एकूण किती असतील याचे अंदाज काही लाखांपासून वीस लाखांपुढे जातात. जेलीसारखे प्राणी जाळ्यात चिंध्या होऊन येत. त्यांना कॅमेरा लावलेल्या यंत्रांनी मधल्या पाण्यात जिवंत पाहिल्यावर ते किती विपुल आहेत हे कळू लागलं. आणि आता पाण्यात सुटलेल्या डीएनएचं जाळं आहे. मासा पोहून गेला तरी खवले, शेंबूड, विष्ठा यांतून त्याचा अंश पाण्यात राहतो. थोडं पाणी गाळून तिथून कोण कोण गेलं हे वाचता येतं. प्राणी धरायची गरज नाही, म्हणून हे साधन मला आजवरच्या सगळ्यांत सौम्य वाटतं.

त्यालाही वीण आहे. डीएनएचा हवा तो तुकडा वाढवून घेण्यासाठी प्रायमर नावाची डीएनएची लहानशी पट्टी वापरतात. माशांसाठी बनवलेल्या प्रायमरला खेकडा दिसत नाही, आणि काही माशांवरही तो नीट बसत नाही. शिवाय सापडलेला तुकडा कुणाचा, हे सांगायला त्या प्राण्याची नोंद आधी यादीत असावी लागते. म्हणून एकाच नमुन्यावर अनेक संशोधक आता दोन-तीन वेगवेगळे प्रायमर चालवतात, आणि ज्या तुकड्यांना कुठल्याच यादीत जोड मिळत नाही ते फेकून न देता पुढच्या अभ्यासकांसाठी सार्वजनिक संग्रहात तसेच ठेवतात.